गाडी गेली तरी सही सांभाळा

विमा उतरवलेली गाडी पूर्ण निकामी झाली की पॉलिसीवर लिहिलेली रक्कम आपोआप खात्यात जमा होते, असा बहुतेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तसं होत नाही. ती रक्कम आकड्यांनी, पत्रांनी आणि चिकाटीने मिळवावी लागते. त्या वाटेवर ठिकठिकाणी कुणीतरी कागद पुढे करतं आणि म्हणतं, "इथे सही करा, लगेच होऊन जाईल." त्यातल्या काही सह्या बिनधोक असतात, काही फार महागात पडतात. हा फरक मला चिपळूणच्या महापुरानंतर कळला. दुसऱ्या कुणाला तो नुकसान सोसून शिकावा लागू नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

२१ जुलै २०२१ ची रात्र आणि २२ तारखेचा दिवस चिपळूणकर विसरणं शक्य नाही. वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि काही भागांत ते पहिल्या मजल्याला टेकलं. वीज गेली, मोबाईलचं नेटवर्क गेलं. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेली जुनी माणसंसुद्धा म्हणाली की एवढं पाणी आपण पाहिलं नव्हतं. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर उभी असलेली माझी गाडी छतापर्यंत बुडाली. माणसं वाचली होती, म्हणून गाडीचं दुःख करायला मन धजत नव्हतं. पण तिच्यावर बँकेचं कर्ज होतं, हप्ता चालू होता आणि नोकरीसाठी रोजचं जाणं-येणं तिच्यावरच होतं.

पाणी ओसरल्यावरचे पहिले तास

चिखल उपसत असताना शेजारचे गॅरेजवाले काका एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावत होते : "ताई, किल्लीला हात लावू नका. चालू होते का बघू, असं म्हणालात तर इंजिन जाईल आणि विमाही जाईल." त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. इंजिनात पाणी शिरलेलं असताना स्टार्टर मारला की सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जाम होतं. नेहमीच्या पॉलिसीत कंपन्या या नुकसानीला पुराचं नुकसान मानत नाहीत. मागाहून केलेल्या कृतीमुळे ते झालं, असं सांगून नाकारतात. इंजिन संरक्षणाची जोड (ॲड-ऑन) वेगळी घेतली असेल तरच तिथे बोलायला जागा राहते. म्हणून बुडालेल्या गाडीची बॅटरीची वायर काढायची आणि तिला ढकलत किंवा टो करूनच हलवायचं.

गाडी धुण्याआधी फोटो काढले. बाहेरून चारही बाजूंनी, आतून, नंबर प्लेट दिसेल असे आणि काचेवर उमटलेली पाण्याची रेघ दिसेल असे. नेटवर्क आल्याबरोबर कंपनीच्या टोल फ्री नंबरवर कळवलं आणि क्लेम नंबर लिहून घेतला. त्याच दिवशी तीच माहिती ईमेलनेही पाठवली. फोनवर काय बोलणं झालं ते महिनाभराने सिद्ध करता येत नाही, ईमेल मात्र कायम राहतो.

रस्त्यावरच्या अपघातात याला पोलिसांची जोड लागते. कुणाला इजा झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी असते. इजा नसली तरी मोठ्या अपघातात पोलीस ठाण्यातली नोंद किंवा पंचनामा हाती असलेला बरा. गाडी कुठे, कशी आणि कुणाच्या हातून आदळली, हा प्रश्न पुढे निघाला तर तोच कागद उपयोगी पडतो.

सर्व्हेअर काय पाहतो

नुकसान तपासायला कंपनीकडून आलेले सर्व्हेअर अनुभवी होते. त्यांनी आधी चालकाच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहिला. नेहमी आत गुंडाळलेला राहणारा पट्ट्याचा भाग चिखलाने माखला होता. मग त्यांनी गालिचा उचलून खालचा गाळ पाहिला आणि ऑइलची डिपस्टिक बाहेर काढली. तिच्यावरचं तेल दुधाळ झालं होतं, म्हणजे इंजिनात पाणी होतं. पाणी नुसतं फ्लोअरपर्यंत आलं, सीटपर्यंत आलं की डॅशबोर्डच्या वर गेलं, यावर सारा हिशोब ठरतो. डॅशबोर्ड बुडाला की वायरिंग, ईसीयू, एअरबॅगचे सेन्सर, मीटर असं सगळं बदलावं लागतं.

सर्व्हेअर गाडी तपासत असताना स्वतः हजर राहा. उद्धटपणा नको, पण त्याने कोणते भाग पाहिले, कोणते राहिले, ते टिपून ठेवा. वर्कशॉपचं अंदाजपत्रक तुम्हीही मागून घ्या आणि गाडी उघडल्यावर आणखी बिघाड सापडले तर पुरवणी अंदाजपत्रक द्यायला सांगा. पुराच्या गाडीत पहिलं अंदाजपत्रक सहसा अपुरंच असतं. वर्कशॉपमध्ये पाऊल टाकतानाच आणखी एक प्रश्न विचारा : गाडी इथे दुरुस्त झाली नाही तर अंदाजपत्रकाचे आणि जागेच्या भाड्याचे पैसे किती लागतील? पूर्ण नुकसान ठरलेली गाडी आवारात पडून राहते, तिचं भाडं चढत जातं आणि शेवटी ते बिल मालकाच्या हातात येतं.

आयडीव्ही म्हणजे ठरलेली किंमत

सगळ्या प्रकरणाचा कणा म्हणजे आयडीव्ही, अर्थात पॉलिसीत घोषित केलेलं गाडीचं मूल्य. उत्पादकाच्या विक्री किमतीतून वयानुसार घसारा वजा करून ते ठरतं. सहा महिन्यांच्या आतल्या गाडीला ५ टक्के, वर्षाच्या आत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के. पाच वर्षांपुढच्या गाडीचा आकडा मालक आणि कंपनी आपसात ठरवतात. त्यात नोंदणी खर्च, रोड टॅक्स, विम्याचा हप्ता यांतलं काहीच नसतं. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला किमान ११ टक्के रोड टॅक्स भरावा लागतो. तो आणि बाकीचा खर्च परत हवा असेल तर 'रिटर्न टू इन्व्हॉइस' ही जोड घ्यावी लागते आणि ती साधारणपणे नव्या गाड्यांनाच मिळते.

दुरुस्तीचा खर्च पॉलिसीच्या शर्ती लावून आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. वर्कशॉपमध्ये याला 'टोटल लॉस' म्हणतात आणि कंपनीच्या कागदावर 'सीटीएल' (कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस). माझ्या गाडीची मूळ किंमत आठ लाख, वय तिसऱ्या वर्षातलं, म्हणून आयडीव्ही ५,६०,००० रुपये. त्याचे ७५ टक्के म्हणजे ४,२०,०००. वर्कशॉपचं अंदाजपत्रक पाच लाखांच्या घरात गेलं होतं. तरीही कंपनीकडून पहिला निरोप आला की गाडी दुरुस्त होईल.

हे कसं, असं विचारल्यावर आकडेमोड हाती आली. प्लास्टिक, रबर, बॅटरी आणि एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापला होता, धातूच्या भागांवर वयाप्रमाणे १५ टक्के. या वजावटीनंतर कंपनीच्या वाट्याचा खर्च ३ लाख ९० हजारांवर आला आणि ७५ टक्क्यांची रेषा ओलांडली गेली नाही. 'पॉलिसीच्या शर्ती लावून' या शब्दांचा अर्थ कंपन्या असा लावतात. पण माझ्या पॉलिसीत शून्य घसाऱ्याची जोड होती, तिचे पैसे मी दरवर्षी भरत होते आणि हिशोब करताना ती धरलेलीच नव्हती. ती धरली की तोच खर्च पाच लाखांवर जात होता.

मी एका पानाचं पत्र लिहिलं. पॉलिसी क्रमांक, जोडीचं नाव, भरलेला हप्ता, अंदाजपत्रकाची बेरीज आणि शेवटी एकच मागणी : शून्य घसारा धरून फेरहिशोब करा आणि सर्व्हे अहवालाची प्रत द्या. ही प्रत मागायला संकोचू नका, अहवाल तुमच्या नुकसानीचा आहे. फेरहिशोबानंतर गाडी पूर्ण नुकसानीत गेली. शून्य घसाऱ्याचा उपयोग फक्त बंपर बदलताना होतो, असं अनेकांना वाटतं. गाडी दुरुस्तीत जाणार की पूर्ण नुकसानीत, हा निर्णयसुद्धा तिच्यामुळे फिरू शकतो.

दुरुस्त झाली असती तर काय बिघडलं असतं, असं कुणी विचारेल. डॅशबोर्डच्या वर पाणी गेलेल्या गाडीचे कनेक्टर पुढची दोन-तीन वर्षं गंजत राहतात. घाटात उतरताना मीटर बंद पडणं किंवा एअरबॅगचा दिवा पेटलेला राहणं ही नुसती कटकट नाही, त्यात जिवाचा धोका आहे.

'बाजारभाव' नावाची वजावट

पूर्ण नुकसान मान्य झाल्यावर देकार आला तो ४,८५,००० रुपयांचा. कारण असं दिलं की या मॉडेलच्या जुन्या गाडीला सध्या बाजारात एवढाच भाव आहे. फोनवरचे गृहस्थ गोड बोलत होते. "ताई, पुराच्या हजारो फाइली आहेत, तुमची आज होतेय तर करून घ्या."

या टप्प्यावर बरेच जण मान तुकवतात. घरात चिखल, दुकानात चिखल आणि हातात पैसा नाही. अशा वेळी समोर आलेली रक्कम नाकारायला धीर लागतो. पण हा देकार नियमाला धरून नव्हता. आयडीव्ही हेच पॉलिसीच्या संपूर्ण मुदतीत गाडीचं बाजारमूल्य समजलं जाईल आणि पूर्ण नुकसानीच्या दाव्यात त्यातून आणखी घसारा वजा होणार नाही, असं मोटार पॉलिसीतच छापलेलं असतं. हप्ता घेताना जी किंमत कंपनीने मान्य केली ती दावा आल्यावर खाली ओढता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानेही २००८ च्या एका निकालात सांगितलं आहे. आयडीव्हीतून जाते ती फक्त सक्तीची वजावट. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला ती १,००० रुपये आणि त्यावरच्या गाडीला २,००० रुपये. स्वेच्छेने जास्त वजावट घेऊन हप्ता कमी केला असेल तर तीही जाते.

पॉलिसीतलं ते वाक्य जसंच्या तसं उतरवून मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. त्यांचा पत्ता प्रत्येक पॉलिसीच्या मागच्या पानांवर असतो. उत्तर आलं आणि रक्कम ५,५९,००० वर गेली. ना वकील करावा लागला, ना कुणाची ओळख काढावी लागली. पॉलिसी वाचणं आणि लेखी बोलणं एवढंच पुरलं.

भंगाराचा हिशोब

यानंतरची पायरी सर्वांत नाजूक आहे आणि तिची चर्चा सर्वांत कमी होते. निकामी गाडीलाही किंमत असते. कंपन्या ऑनलाइन लिलावात तिच्यावर बोली घेतात आणि त्या किमतीला सॅल्व्हेज म्हणतात. अनेकदा कंपनी सुचवते की सॅल्व्हेज वजा जाता उरलेली रक्कम आम्ही देतो, बाकीची रक्कम भंगार घेणारा तुम्हाला देईल. माझ्या बाबतीत बोली १,४०,००० ची होती. म्हणजे कंपनीकडून ४,१९,००० आणि खरेदीदाराकडून १,४०,०००. कागदावर बेरीज बरोबर येते.

अडचण पुढे सुरू होते. बोली 'विथ आरसी' आणि 'विदाउट आरसी' अशी दोन प्रकारची असते. आरसीसकट बोली जास्त येते, कारण मग ती गाडी दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणता येते. खरेदीदार गाडी न्यायला आला तेव्हा त्याच्या हातात फॉर्म २९ आणि फॉर्म ३० होते, विक्री आणि मालकी हस्तांतराचे. घेणाऱ्याचं नाव कोरं, तारीख कोरी. "सही करून ठेवा, पार्टी ठरली की आम्ही भरू," असं तो म्हणाला. मी सही केली नाही.

यामागचं कारण प्रत्येक वाहनमालकाने लक्षात ठेवावं. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं : गाडी प्रत्यक्षात विकून हातोहात पुढे गेली असली तरी नोंदीत नाव बदललेलं नसेल, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर राहते. कोऱ्या फॉर्मवर सही केलेली गाडी उद्या कुणी विम्याशिवाय चालवली आणि कुणाचा जीव गेला, तर समन्स तुमच्या घरी येणार. शिवाय चोरलेल्या गाड्यांवर टोटल लॉसच्या गाडीचा चॅसी नंबर आणि आरसी चढवून त्या विकणाऱ्या टोळ्या पोलिसांनी अनेकदा पकडल्या आहेत. अशा तपासात पहिला फोन मूळ मालकाला येतो.

मी कंपनीला लेखी कळवलं की गाडी आरसीशिवाय द्यायची आहे आणि नोंदणी मी रद्द करून घेणार आहे. साहजिकच बोली खाली आली. इथे घाबरायचं कारण नाही. सॅल्व्हेजची किंमत कमी झाली की कंपनीचा वाटा तेवढाच वाढला पाहिजे, तुमची बेरीज बदलता कामा नये. आयडीव्ही उणे वजावट, हा आकडा घट्ट धरून ठेवा आणि त्यातलं किती कुठून येतं, हा हिशोब कंपनीला करू द्या. खरेदीदार ठरलेली रक्कम न देता मागे हटला तर ती कोण भरणार, हेही लेखी विचारून ठेवा. भंगार स्वतःकडे ठेवायचं असेल तर त्याची किंमत वजा होणार, ते योग्यच आहे. पण गिऱ्हाईक शोधण्याचं ओझं मुकाट्याने अंगावर घेऊ नका. खरेदीदाराचे पैसे रोख घेऊ नका, खात्यात जमा झाल्याशिवाय गाडीची किल्ली देऊ नका आणि गाडी नेताना तारीख, वेळ, नाव, सहीनिशी ताबा पावती घ्या.

आरटीओ आणि बँक

मोटार वाहन कायद्याचं कलम ५५ सांगतं की वाहन नष्ट झालं किंवा कायमचं निकामी झालं तर मालकाने १४ दिवसांत, किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर, नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून आरसी जमा करायची. आमची गाडी एमएच-०८ ची, म्हणून कागद रत्नागिरीच्या आरटीओत गेले. पुरात आरसी ओली होऊन फाटली असेल तर डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपवरची प्रत आणि डुप्लिकेटचा अर्ज कामी येतो. नोंदणी रद्द झाल्याचा कागद जपून ठेवा. तो हाती असेल तर एकदाच भरलेल्या रोड टॅक्सचा उरलेल्या काळाचा परतावा मिळतो का, याचीही तिथेच चौकशी करा.

गाडी आरसीसकट द्यायचीच ठरली तर फॉर्मवर घेणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख भरून मगच सही करा, त्याच्या आधारची प्रत घ्या आणि एमपरिवहनवर मालकाचं नाव बदललं की नाही, हे बदल दिसेपर्यंत पाहत राहा. गाडी हातातून जाण्याआधी काचेवरचा फास्टॅग काढा आणि तो देणाऱ्या बँकेकडून बंद करून घ्या.

गाडीवर कर्ज असेल तर आरसीवर आणि पॉलिसीवर बँकेचा बोजा असतो, त्यामुळे विम्याचे पैसे आधी बँकेला जातात आणि उरलं तर तुम्हाला मिळतात. कर्जाची बाकी आयडीव्हीपेक्षा जास्त असेल तर फरक तुम्हालाच भरावा लागतो. दावा चालू आहे म्हणून हप्ता थांबवू नका. बँकेच्या दृष्टीने गाडी असली काय, नसली काय, हप्ता चुकला की त्याची नोंद सिबिलला जाते आणि नवी गाडी घेताना तीच आडवी येते. सुरुवातीलाच बँकेकडून त्या दिवसाच्या बाकीचं पत्र घ्या. कर्ज फिटलं की एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन बोजा उतरवा. त्याशिवाय नोंदणी रद्द होण्याचं घोडं अडतं.

'पूर्ण व अंतिम' वरची सही

पैसे सोडण्याआधी कंपनी डिस्चार्ज व्हाउचरवर सही मागते. 'पूर्ण व अंतिम भरपाई मिळाली, आता काही मागणं नाही,' असा त्याचा मजकूर असतो. रक्कम बरोबर असेल तर सही करायला हरकत नाही. रक्कम कमी वाटत असेल आणि तरी पैशांची निकड असेल, तर 'हरकत राखून, उरलेल्या रकमेचा हक्क कायम ठेवून' असं हाताने लिहून सही करा आणि त्याच दिवशी कारण सांगणारा ईमेल पाठवा. फसवून, चुकीची माहिती देऊन किंवा दबाव आणून घेतलेल्या सहीने ग्राहकाचा हक्क संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच म्हटलं आहे. पण तो दबाव सिद्ध करायचं काम आपल्यावर असतं. म्हणून हरकत सहीच्या जागीच नोंदलेली असावी.

दाद कुठे मागायची

आमच्या वेळी सर्व्हेअर ७२ तासांत नेमायचा, त्याने ३० दिवसांत अहवाल द्यायचा आणि कंपनीने पुढच्या ३० दिवसांत निर्णय घ्यायचा, असा नियम होता. २०२४ मध्ये विमा नियामकाने या मुदती आवळल्या : सर्व्हेअर २४ तासांत, अहवाल १५ दिवसांत आणि त्यानंतर निर्णय सात दिवसांत. मुदत टळली की गप्प बसू नका, तारखा लिहून स्मरणपत्र पाठवा.

पायऱ्या अशा आहेत. पहिली, कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. दुसरी, नियामकाचं 'बीमा भरोसा' पोर्टल किंवा १५५२५५ हा टोल फ्री क्रमांक. कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर विमा लोकपाल. लोकपालांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. तिथे फी नाही आणि वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जावं लागतं आणि लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. मुदत दोन वर्षांची आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. लोकपाल आणि ग्राहक आयोग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी जाता येत नाही, म्हणून आधी लोकपालांकडे जाणं सोयीचं.

या प्रत्येक ठिकाणी विचारतात एकच गोष्ट : कागद दाखवा. क्लेम नंबर, फोटो, अंदाजपत्रक, सर्व्हे अहवाल आणि ईमेल तारखेनुसार एका फाइलमध्ये लावले असतील तर अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते.

नुकसान होण्याआधी

हे सारं गाडी बुडाल्यावरचं झालं. खरी तयारी पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या दिवशी करायची असते. ऑनलाइन तुलना करताना सर्वांत स्वस्त पॉलिसी पुढे दिसते, पण अनेकदा ती स्वस्त असते ते आयडीव्ही खाली ओढल्यामुळे. हप्त्यात हजार-दीड हजार वाचवताना संकटाच्या वेळी मिळणारे पन्नास-साठ हजार आपण सोडून देत असतो. परवानगीच्या मर्यादेत आयडीव्ही वरच्या बाजूला ठेवा. सीएनजी किट बाहेरून बसवलं असेल तर ते आरसीवर आणि पॉलिसीवर दोन्हीकडे चढवा. महागडी म्युझिक सिस्टीम बसवली असेल तर तिची किंमत वेगळी घोषित करा. नाही तर दाव्याच्या वेळी ती नव्हतीच, असं समजलं जातं. नदीकाठच्या किंवा सखल भागातल्या घरांनी इंजिन संरक्षण घ्यावंच. पहिल्या तीन वर्षांत रिटर्न टू इन्व्हॉइसचा विचार करावा. दावा घेतल्यावर नो क्लेम बोनस जातो, २० टक्क्यांचा असो वा ५० टक्क्यांचा. पण पूर्ण नुकसानीत त्याचा विचार करत बसू नये, दावा घ्यावाच. जुन्या पॉलिसीतल्या थर्ड पार्टी विम्याचा उरलेल्या वर्षांचा हप्ता परत मिळतो का, हेही कंपनीला विचारावं.

चिपळूण, सांगली, कोल्हापूर, महाड इथल्या लोकांना पुराचं भय नवं नाही आणि घाटरस्त्यांवर गाडी चालवणाऱ्या कुणालाच अपघाताचंही नाही. विमा कंपनीशी भांडायची हौस कुणाला नसते, मलाही नव्हती. पण ज्या रकमेचा करार होऊन हप्ता घेतला गेला, ती मागणं म्हणजे भांडण नव्हे. आज घरी गेल्यावर पॉलिसी काढा आणि चार गोष्टी पाहा : आयडीव्ही किती आहे, कोणकोणती जोड आहे, वजावट किती आहे आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा पत्ता कुठे आहे. त्या पानांचा फोटो काढून फोनमध्ये आणि घरातल्या आणखी एका माणसाकडे ठेवा. आणि वेळ आलीच, तर कोऱ्या कागदावर सही मागणारा कितीही ओळखीचा असला तरी त्याला शांतपणे सांगा, आधी भरून आणा, मग सही करते.